हायझेनबर्गचे भक्त आणि गोमेझचे प्रेत

एखाद्या माणसावर आरोपपत्र ठेवावे आणि त्याच्या चाहत्यांनी ते मानपत्र समजून चौकटीत बसवून भिंतीवर लावावे, असा प्रकार ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या ‘ओझिमँडियस’ या भागाच्या बाबतीत घडला आहे. १५ सप्टेंबर २०१३ रोजी एएमसी वाहिनीवर हा भाग दाखवला गेला. पाचव्या आणि शेवटच्या सीझनचा हा चौदावा भाग, एकूण ६२ भागांपैकी साठावा. मोइरा वॉली-बेकेट यांनी तो लिहिला आणि रायन जॉन्सन यांनी दिग्दर्शित केला. आयएमडीबीवर कित्येक वर्षे या भागाला १० पैकी १० गुण होते. टीव्हीच्या इतिहासातला सर्वोत्तम एक तास, असे त्याच्याबद्दल आजही सांगितले जाते, आणि भाग म्हणून तो तसा आहेही. आमचे भांडण त्या भागाशी नाही. तो पाहून टाळ्या कुणासाठी पडल्या, याच्याशी आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात वॉल्टर व्हाइट नावाचा पन्नाशीचा रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. त्याला फुप्फुसाचा कर्करोग होतो. बायकोमुलांसाठी पैसा ठेवून जायचा म्हणून तो मेथ हा अमली पदार्थ बनवू लागतो, ‘हायझेनबर्ग’ हे टोपणनाव घेतो, आणि पाच सीझनमध्ये खुनी, खंडणीखोर, साम्राज्यवाला होतो. त्याचा साडू हँक श्रेडर हा अमली पदार्थविरोधी खात्यातला अधिकारी. ‘ओझिमँडियस’मध्ये सगळा हिशेब एकदम पुढे येतो. वाळवंटात हँक मारला जातो. वॉल्टरने पुरून ठेवलेल्या पैशांच्या पिंपांपैकी एक सोडून बाकी सगळी टोळी घेऊन जाते. घरी त्याची बायको स्कायलर स्वयंपाकघरातली सुरी हातात घेऊन त्याला बाहेर जा म्हणते, झटापट होते, आणि चालताना कुबड्यांचा आधार घेणारा त्यांचा तरुण मुलगा आईच्या आड उभा राहून स्वतःच्या बापाविरुद्ध पोलिसांना फोन लावतो. वॉल्टर तान्ह्या मुलीला उचलून गाडीत घालून पळतो. स्कायलर भर रस्त्यात गाडीमागे धावत, ओरडत, गुडघ्यांवर कोसळते.

हे सगळे पाहून कुणाच्या बाजूने काळीज हलायला हवे? आम्हाला वाटायचे की या प्रश्नाला दोन उत्तरे असूच शकत नाहीत. पण निघाली.

त्याच रात्री वॉल्टर घरी फोन करतो. घरात पोलीस बसलेले आहेत आणि ते ऐकत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. तो स्कायलरला अत्यंत घाणेरड्या शब्दांत झोडपतो. तू कधी माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, कायम रडत राहिलीस, माझ्या कामावर नाक मुरडलेस, हे सारे मी एकट्याने उभे केले, आता माझ्या वाटेत आलीस तर हँकसारखी गत होईल, असा एकूण आशय. बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. तो तिला पोलिसांच्या नजरेत निर्दोष ठरवायचा प्रयत्न करतो आहे, म्हणजे हे नाटक आहे, हे थोड्या वेळाने स्कायलरलाही कळते आणि आपल्यालाही.

चाहत्यांचे इथे दोन गट पडले. पहिल्या गटाला ते नाटक वगैरे काही दिसलेच नाही. एकदाची त्या बाईला सुनावली, पाच वर्षे आम्ही हेच म्हणत होतो, असा त्यांचा आनंद. ‘न्यू यॉर्कर’च्या समीक्षक एमिली नुसबॉम यांनी त्याच आठवड्यात या फोनवर लिहिले आणि एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली: वॉल्टरच्या तोंडी जी वाक्ये घातली आहेत ती जणू या चाहत्यांचीच वाक्ये आहेत. लेखिकेने त्यांच्यासमोर आरसा धरला होता. आरशात पाहून त्यांनी भांग पाडून घेतला.

दुसरा गट हुशार. त्याला नाटक कळले. आणि कळले म्हणून तो म्हणू लागला, बघा, शेवटी त्याने बायकोला वाचवले, स्वतः राक्षस होऊन तिला सोडवले, केवढा हा त्याग! आम्हाला पहिल्या गटापेक्षा हा दुसरा गट जास्त धोक्याचा वाटतो. पहिला निदान उघडा द्वेष करतो. दुसरा गट मुलगी पळवून नेणाऱ्याचे, काही तास आधी घरात सुरीची झटापट करणाऱ्याचे एका फोनमध्ये संतपण सिद्ध करून देतो. आपल्या वस्तीत, चाळीत, बंगल्यातही हे गणित आपण ऐकत आलेलो आहोत. मारतो, पण जीव लावतो. पितो, पण पगार घरी देतो. ज्या आगीत तिला त्यानेच लोटले त्या आगीतून तिचा एक हात बाहेर ओढला, म्हणून हार घालायचा त्याच्याच गळ्यात. बरे, तो फोन निव्वळ नाटक आहे असेही आम्ही मानत नाही. इतक्या सफाईने येणारे विष आयत्या वेळी बनवता येत नाही. ते साठवलेले असावे लागते. तो तिला वाचवतो आहे आणि मनातले ओकतोही आहे. दोन्ही खरे. ज्याला फक्त एकच दिसते त्याने आधीच बाजू घेतलेली आहे.

आता स्कायलरविषयी. या बाईचा जितका द्वेष झाला तितका त्या मालिकेतल्या एकाही खुन्याचा झाला नाही. लहान मुलाला गोळी घालणाऱ्या टॉडचा नाही, म्हाताऱ्यांच्या आश्रमात बॉम्ब लावणाऱ्याचा तर नाहीच, कारण तो बॉम्ब लावण्याची कल्पना नायकाची होती. स्कायलरची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ‘ओझिमँडियस’च्या तीनेक आठवडे आधी, २३ ऑगस्ट २०१३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सांगितले की स्कायलरच्या द्वेषासाठी फेसबुकवर पाने चालतात, हजारो लोक त्यांत आहेत, आणि हा द्वेष हळूहळू पात्रावरून त्यांच्या स्वतःवर घसरला. त्यांना ठार मारण्यासाठी त्या कुठे भेटतील अशी विचारणा करणारा मजकूरही त्यांच्या वाचनात आला. एका अभिनेत्रीला, पटकथेत लिहिलेली पत्नी नीट वठवली म्हणून! मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनीही त्या वर्षी मुलाखतीत असा द्वेष करणाऱ्यांना सरळ स्त्रीद्वेष्टे म्हटले.

चाहत्यांचे स्कायलरवरचे आरोप काय? ती कटकट करते. नवरा रात्री कुठे होता ते विचारते. मुलांना त्याच्यापासून दूर ठेवते. तिसऱ्या सीझनमध्ये तिने परपुरुषाशी संबंध ठेवला, हा मुख्य आरोप. ठीक, ठेवला. नवरा घर सोडायला तयार नाही, पोलिसांना सांगावे तर मुलाचा बाप तुरुंगात जातो, अशा कोंडीत तिने ते केले आणि त्याच्या तोंडावर सांगितले. पण हेच आरोपकर्ते दुसऱ्या सीझनचा पहिला भाग विसरतात. त्या भागात वॉल्टर बाहेरून हिंसा पाहून घरी येतो आणि स्वयंपाकघरात, ती नको म्हणत असताना, तिच्यावर जबरदस्ती करतो. तिचा चेहरा फ्रिजच्या दाराला लागलेला आहे. तिचा संबंध पाच सीझन लक्षात राहतो, आणि त्याची जबरदस्ती पुढचा भाग सुरू होईपर्यंतही राहत नाही. मनुस्मृतीचे दहन १९२७ साली महाडला झाले. पण बाईच्या चारित्र्याची वही वेगळी आणि पुरुषाच्या चारित्र्याची वही वेगळी ठेवणारा कारकून सगळ्या देशांत अजून नोकरीवर आहे, एवढेच यावरून दिसते.

आणखी एक. पाचव्या सीझनमध्ये स्कायलर नवऱ्याला सांगते की तुझा कर्करोग परत येण्याची मी वाट पाहते आहे. चाहते या वाक्यावर खवळले. आम्हाला ते वाक्य त्या घरातले सर्वांत प्रामाणिक वाटते. तिच्याकडे पैसा नाही, पुरावा दिला तर मुले उघड्यावर, न दिला तर ती गुन्ह्यात भागीदार. जिला घटस्फोट, पोटगी, पोलीस, माहेर यांपैकी कुठलेच दार उघडे नाही ती बाई मृत्यूकडे दार म्हणून पाहते. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्याच्या कारणांमध्ये हिंदू कोड बिल अडवले जाणे हे मोठे कारण होते. बाईला लग्नातून बाहेर पडायला कायद्याचे दार हवे, यासाठी एक माणूस सत्ता सोडतो, याचा अर्थ अशा वेळी कळतो.

पण त्याने हे कुटुंबासाठी केले ना, हा चाहत्यांचा हुकमी एक्का. याला उत्तर द्यायला आम्हाला विद्वत्ता लागत नाही. मालिका नीट पाहिली की पुरते. पहिल्याच सीझनच्या पाचव्या भागात वॉल्टरचे जुने मित्र इलियट आणि ग्रेचेन त्याच्या उपचाराचा सगळा खर्च करायला तयार होतात. तो नकार देतो. का? कारण त्यांनी उभी केलेली ‘ग्रे मॅटर’ ही कंपनी एके काळी त्याचीही होती, त्याने आपला हिस्सा पाच हजार डॉलरला विकला आणि पुढे तिची किंमत दोन अब्ज डॉलरच्या वर गेली. मित्राच्या पैशाने जगण्यापेक्षा दुसऱ्यांच्या पोरांना विष विकणे त्याला मानाचे वाटले. शेवटच्या भागात तो स्वतःच स्कायलरसमोर कबूल करतो की हे मी माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते. म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल केला तरी त्याचे वकील अजून ‘कुटुंबासाठी, कुटुंबासाठी’ म्हणत कोर्टाच्या आवारात फिरत आहेत.

आम्हाला मात्र या माणसाचे रडगाणे फार ओळखीचे वाटले. माझ्यासारखा बुद्धिमान माणूस आणि शाळेत फळा पुसतो! माझ्याहून कमी लायकीचे लोक अब्जाधीश झाले! माझी गुणवत्ता कुणी हिरावून घेतली? कुणीही हिरावलेली नाही, त्याने स्वतः सही करून हिस्सा विकला. तरी त्याच्या मनात हिरावल्याची जखम आहे आणि त्या जखमेवर तो जगाकडून व्याज वसूल करतो. राखीव जागांचा विषय निघाला की आपल्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांत जो उसासा ऐकू येतो, मेरिटवर अन्याय झाला म्हणणारा, तोच हा उसासा. तो उसासा टाकणाऱ्यांना वॉल्टर व्हाइट आपला वाटावा यात नवल नाही. नवल याचे की तो आमच्या पोरांनाही आपला वाटतो.

होय, आमच्या पोरांना. वसतिगृहांत, अभ्यासिकांत, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या खोल्यांत ही मालिका उपशीर्षके लावून रात्र रात्र पाहिली जाते. काळी टोपी, गॉगल आणि दाढीचे ते रेखाचित्र मोबाइलवर, टी-शर्टवर दिसते. विचारले तर उत्तर मिळते की हा व्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला माणूस आहे. मित्रांनो, कुठल्या व्यवस्थेविरुद्ध? त्याने शिक्षकांच्या पगारासाठी काही केले? उपचार महाग आहेत म्हणून रुग्णांच्या बाजूने बोलला? त्याने व्यवस्थेतले वरचे आसन मागितले आणि ते मिळवण्यासाठी तळातल्या माणसांना पायऱ्या केले. त्याचा माल ९९.१ टक्के शुद्ध असतो, याचे केवढे कौतुक! तो माल घेणारे कोण, याची झलक मालिकेत क्वचितच मिळते. दुसऱ्या सीझनमध्ये एका व्यसनी जोडप्याचे घर दिसते. घाण, अंधार, आणि त्यात एक न बोलणारा, भुकेला, लहानगा मुलगा टीव्हीसमोर बसलेला. ती ९९.१ टक्के गुणवत्ता शेवटी त्या घरात पोचते. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

प्रज्ञा, शील, करुणा हे तीन शब्द आपण विहारात एका श्वासात म्हणतो, म्हणून त्यांची सांगड किती कठीण आहे ते ध्यानात येत नाही. बाबासाहेब विद्यार्थ्यांपुढे पुन्हा पुन्हा सांगत की नुसते शिक्षण पुरे नाही, शीलाशिवाय शिकलेला माणूस घातक होतो, कारण तो आपल्या विद्येने गोरगरिबांना फसवू शकतो. वॉल्टर व्हाइट हा त्या इशाऱ्याचा चालताबोलता नमुना आहे. ‘ओझिमँडियस’मध्ये मरण्याआधी हँक त्याला जे ऐकवतो त्याचा अर्थ असा की तू मी पाहिलेला सर्वांत हुशार माणूस, आणि तरी तुला दिसत नाही की याने मला मारायचे कधीच ठरवले आहे. वॉल्टर तेव्हा टोळीच्या म्होरक्याशी सौदा करत असतो, आठ कोटी डॉलर घे आणि याला सोड म्हणून. त्याला अजूनही वाटते की आपण बोललो की जग वळते.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे येऊ.

त्या वाळवंटात हँक एकटा नव्हता. त्याच्याबरोबर स्टीव्ह गोमेझ होता. पहिल्या भागापासून हँकच्या शेजारी असलेला, त्याच खात्यातला, मेक्सिकन वंशाचा अधिकारी. स्टीव्हन मायकेल क्वेझाडा या आल्बुकर्कीच्याच विनोदी कलाकाराने ही भूमिका केली आहे. पाच सीझन तो हँकचे मेक्सिकन लोकांवरचे विनोद ऐकून घेतो, कधी परतवतो, कधी हसून सोडतो. खात्याने हात झटकल्यावरही हँकच्या तपासाला तो एकटा साथ देतो. आधीच्या भागाचा शेवट गोळीबार सुरू असताना होतो. ‘ओझिमँडियस’ सुरू झाल्यावर आपण त्या जागी परततो तेव्हा गोळीबार थांबलेला असतो आणि गोमेझ वाळूत मरून पडलेला असतो. त्याचे मरण दाखवलेलेच नाही. त्याला शेवटचे वाक्य नाही. त्याच्यासाठी आठ कोटी डॉलर देऊ करणारा कुणी नाही. वॉल्टर ज्या आकांताने हँकसाठी हातापाया पडतो, त्यात त्याच्या शेजारी पडलेल्या प्रेताचा उल्लेखही येत नाही. दोघांना एकाच खड्ड्यात पुरतात, पैसे काढून मोकळ्या झालेल्या. पुढे हँकच्या बायकोचे दुःख आपण पाहतो. गोमेझच्या घरी रडणाऱ्या कुणाचेही तोंड ही मालिका आपल्याला दाखवत नाही.

या भागाची चर्चा काढा. हँकचे मरण, फोन, सुरी, रस्त्यावरचा आक्रोश, पिंप ढकलत वाळवंटातून चाललेला वॉल्टर, हे सगळे लोकांना पाठ आहे. गोमेझ कधी मेला असे विचारा, आणि पाहा किती जण क्षणभर थांबतात.

आम्ही थांबत नाही. आम्हाला थांबता येत नाही, कारण बातमीत ज्यांचे मरण ‘व अन्य एक’ म्हणून येते त्या घरांत आम्ही वाढलो. मोठ्या माणसाच्या मरणाच्या आधी, पडद्याआड, सोयीने उरकलेले मरण कसे असते ते आम्हाला शिकवावे लागत नाही. कुणी म्हणेल, तुम्ही अमेरिकेच्या मालिकेतही जात शोधता. आम्ही जात शोधत नाही. कुणाच्या मरणाला वेळ मिळतो आणि कुणाच्या मिळत नाही, एवढेच घड्याळ लावून मोजतो.

तिसरा माणूस जेसी पिंकमन. वॉल्टरचा जुना विद्यार्थी आणि भागीदार. त्या वाळवंटात तो गाडीखाली लपलेला असतो आणि त्याला दाखवून देतो खुद्द वॉल्टर. टोळी त्याला ओढून नेऊ लागते तेव्हा वॉल्टर जवळ जाऊन सांगतो की तुझी मैत्रीण जेन मरत होती तेव्हा मी तिथे होतो, तिला वाचवू शकत होतो, वाचवले नाही. काही गरज होती? जेसी तसाही मरणार असे तो समजत होता. मरणाऱ्याच्या जखमेवर मीठ चोळण्यासाठी तो चार पावले जास्त चालला. त्याच भागात पुढे जेसी साखळदंडाने बांधलेला, मारहाणीने सुजलेला, टोळीसाठी मेथ बनवणारा कैदी झालेला दिसतो. टोळी कुणाची? मानेवर स्वस्तिक गोंदवलेल्या गोऱ्या वंशश्रेष्ठत्ववाद्यांची. वॉल्टरने त्यांना आधीही भाड्याने घेतले होते, तुरुंगातले नको असलेले साक्षीदार मारायला. वंशशुद्धीवाल्यांशी त्याची दोस्ती कामापुरती होती असे चाहते म्हणतात. कामापुरतीच असते हो, सगळ्यांचीच.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केले ज्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी कष्ट घेतले. त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक काम केले. दशावताराच्या गोष्टी त्यांनी जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगायच्या सोडून, पायाखाली गेलेल्या बळीच्या बाजूने सांगितल्या. गोष्ट तीच, पण बसायची जागा बदलली आणि अवतार दरोडेखोर दिसू लागले. पुढे बाबासाहेबांनी राम आणि कृष्णाच्या कथांना प्रश्न विचारले ते शंबूकाच्या, वालीच्या, सीतेच्या बाजूने. दीडशे वर्षे आपल्याला गोष्ट कशी पाहायची याचे शिक्षण मिळालेले आहे, आणि ते घेतलेले पोर आज हायझेनबर्गची टोपी घालून बसते, याचा आम्हाला राग येतो. एकलव्याचा अंगठा ज्याला कळला त्याला जेसीच्या साखळ्या कळायला काय हरकत होती?

ती फक्त मालिका आहे, मजा घ्या, असे सांगणारे भेटतातच. अमेरिकेत १९७१ साली सीबीएसवर ‘ऑल इन द फॅमिली’ ही विनोदी मालिका सुरू झाली. नॉर्मन लिअर यांनी त्यात आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी भरलेला, काळ्यांना आणि ज्यूंना नावे ठेवणारा बाप उभा केला, तो हास्यास्पद ठरावा म्हणून. १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्ची आवडत होता, त्याचेच बरोबर वाटत होते. थट्टा त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणजे प्रेक्षक गोष्टीकडे कोऱ्या मनाने जात नाही. तो आपली खुर्ची घरून घेऊन जातो.

बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त भाषण केले. त्यात त्यांनी थोर माणसाविषयी आदर वाटणे आणि त्याच्यापुढे बुद्धी गहाण टाकून त्याच्या मागे जाणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पहिली माणसाला शोभते, दुसरी त्याला लाचार करते. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो असा इशारा दिला. हे इशारे नेत्यांविषयी होते, मालिकांविषयी नव्हते, हे आम्हाला कळते. पण भक्ती ही सवय आहे. ज्याला पडद्यावरच्या नायकाचा प्रत्येक गुन्हा ‘परिस्थितीने करायला लावला’ असे म्हणायची सवय लागली, त्याला सभेतल्या नायकाबद्दल तेच वाक्य आयते सापडते. आणि प्रश्न विचारणारी बाई त्याला दोन्हीकडे कटकट वाटते.

निर्मात्यांना मात्र आम्ही मोकळे सोडत नाही. चाहत्यांना स्त्रीद्वेष्टे म्हणणे सोपे आहे, पण ६२ भाग कॅमेरा कुणाच्या खांद्यावर ठेवला होता? स्कायलरला सुरुवातीच्या सीझनमध्ये नवऱ्याच्या मार्गातला अडथळा म्हणूनच बहुतेक वेळा लिहिले गेले. गोमेझला पडद्याआड मारायचे हा निर्णय प्रेक्षकांनी घेतलेला नव्हता. आणि ‘ओझिमँडियस’मध्ये नायकाचे सोंग इतके उघडे पाडल्यावर दोनच आठवड्यांनी, २९ सप्टेंबरच्या अखेरच्या भागात, त्याला सगळे परत दिले गेले. तो पैसे मुलाकडे पोचवण्याची व्यवस्था करतो, गोऱ्या टोळीला एकट्याच्या यंत्राने उडवतो, जेसीला सोडवतो, आणि आपल्या लाडक्या प्रयोगशाळेत शांतपणे मरतो. इतके नीटनेटके मरण त्या मालिकेत दुसऱ्या कुणालाही मिळाले नाही. चाहत्यांना त्यांचा देव परत हवा होता, तो त्यांना देण्यात आला. म्हणून आम्ही ‘ओझिमँडियस’लाच मालिकेचा शेवट मानतो, त्यानंतरचे दोन भाग आम्हाला वर्गणीदारांसाठीचा प्रसाद वाटतात.

एक गोष्ट मात्र अखेरच्या भागात आहे. वॉल्टर स्कायलरला शेवटचे भेटतो तेव्हा तिला लॉटरीचे एक तिकीट देतो. त्यावरचे आकडे म्हणजे वाळवंटातल्या त्या खड्ड्याचा ठावठिकाणा. तिथे हँक सापडेल, असे तो सांगतो, आणि गोमेझचेही नाव घेतो. ज्या तोंडाने वाळवंटात ते नाव निघाले नव्हते, त्या तोंडातून ते तेव्हा निघते, बायकोला सरकारी वकिलांशी सौदा करता यावा म्हणून.